चंदन की वाळा?

वैशाखातले ऊन डोक्यावर आले म्हणजे माणसाच्या आवडीनिवडी नकळत पालटतात. हिवाळ्यात हवीशी वाटणारी हिना नकोशी होते, केवड्याचा दर्प डोक्यात चढतो, आणि रात्रीच्या लग्नसमारंभात प्रसन्न वाटलेले एखादे भारी अत्तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारी घामाशी मिसळून लावणाऱ्याला आणि शेजाऱ्याला सारखेच असह्य होते. उन्हाळ्याला उन्हाळ्याचाच सुगंध लागतो. ही जाण या देशात फार जुनी आहे आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या दोन नावे पुढे ठेवली आहेत. एक चंदनाचे, दुसरे वाळ्याचे. चरकसंहितेने दाह शमविणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात ही दोन्ही आहेत. आणि तापात तहान भागविण्यासाठी वैद्य जे षडंगपानीय देतात, त्यातही ही दोघे शेजारी शेजारीच बसतात. कालिदासाच्या शाकुंतलात तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेचा ताप उतरविण्यासाठी जो लेप नेला जातो, तो उशीराचा, म्हणजे वाळ्याचाच.

सुगंध हा स्त्रियांचा विषय आणि पुरुषाने त्यात लक्ष घालणे म्हणजे नखरा, अशी एक समजूत मध्यंतरीच्या काळात सुशिक्षितांत रूढ झाली होती. ती फारशी जुनी नाही. कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचून बैठकीस येणारे गृहस्थ महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या घरांत सर्रास दिसत. पानसुपारीबरोबर अत्तरगुलाब देण्याचा रिवाज पुरुषांच्या सभेतही पाळला जाई. त्याही मागे जायचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांची गणना करताना स्नान, तांबूल, वस्त्र यांच्या बरोबरीने विलेपनाला स्वतंत्र स्थान दिले आहे. तेव्हा आज एखादा तरुण कचेरीत जाण्यापूर्वी मनगटाला सुगंध लावतो, तो काही परक्या रीतीचे अनुकरण करीत नाही. विसरलेली घरची रीतच तो उचलतो. त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच, की उन्हाळ्यात यांपैकी कोणता सुगंध निवडावा.

हा प्रश्न बेंगळुरूइतका दुसऱ्या कोणत्याही शहरात अगदी दाराशी येऊन उभा राहत नाही. १६३८ साली विजापूरकरांनी हे शहर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी माणसाचा या गावाशी संबंध आहे. आज नोकरीउद्योगाच्या निमित्ताने तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले हे शहर थंड हवेचे म्हणून नावाजलेले. परंतु तेथेही चैत्र-वैशाख आता सौम्य राहिलेले नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूत तापमापकाचा पारा ३९.२ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. हवा मात्र मुंबईसारखी दमट नसते. दुपार कोरडी, संध्याकाळ वाऱ्याची, आणि मधूनच वळवाची एखादी सर. अशा हवेत सुगंध कसा वागतो हे पाहण्यास ही उत्तम जागा आहे. शिवाय येथील मेट्रोच्या हिरव्या मार्गावर एका स्थानकाचे नावच ‘सँडल सोप फॅक्टरी’ असे आहे. सुगंधी साबणाच्या कारखान्यावरून आगगाडीच्या स्थानकाला नाव मिळावे, ही गोष्ट त्या शहराचे आणि चंदनाचे नाते सांगावयास पुरेशी आहे.

ते नाते समजून घेतल्याशिवाय निवडीचा विचार पुरा होत नाही. कन्नड माणूस चंदनाला श्रीगंध म्हणतो आणि आपल्या प्रांताला श्रीगंधाचे नाडू म्हणून गौरवितो. या झाडाची राहणी मोठी विलक्षण आहे. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड. पानांच्या साहाय्याने ते आपले अन्न बनविते खरे, परंतु पाणी आणि क्षार यांच्यासाठी शेजारच्या झाडांच्या मुळांत आपली शोषकमुळे रोवून बसते. म्हणून चंदन एकटे लावले तर खुरटते; लागवड करणारे त्याच्याजवळ आधी तूर, मग करंज किंवा शिरीष यांसारखी सोबत लावून देतात. ज्या सुगंधासाठी हा सारा खटाटोप, तो बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नसतो. तो गाभ्यात आणि मुळांत असतो. आणि गाभा धरावयास दहा-पंधरा वर्षे, तर चांगला भरावयास तीस वर्षांच्या आसपास काळ जावा लागतो. मुळांत तेल अधिक असल्यामुळे झाड तोडीत नाहीत, ते मुळासकट उपटतात. म्हणजे चंदनाच्या तेलाचा प्रत्येक थेंब एका पुऱ्या झाडाच्या मृत्यूनंतर हाती येतो.

एवढ्या मोलाच्या झाडावर राज्यकर्त्यांची दृष्टी जाणे स्वाभाविक होते. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवून त्याचा व्यापार आपल्या हाती घेतला, आणि पुढे वडियार राजांच्या काळीही तो मक्ता दरबारकडेच राहिला. एकोणिसाव्या शतकाअखेर एक नवे संकट आले. १८९९ मध्ये कोडगू प्रांतात या झाडाला एक रोग जडलेला आढळला. पाने बारीक होऊन काट्यांसारखी ताठ उभी राहतात आणि झाड काही वर्षांत वाळते. इंग्रजीत त्याला ‘स्पाइक’ म्हणतात. त्यावर खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत म्हैसूर संस्थान चंदनाचे लाकूड लिलावाने विकीत असे, आणि ते बहुतांशी परदेशी, विशेषतः जर्मनीस जाऊन तेथे त्याचे तेल निघत असे. १९१४ मध्ये युद्ध पेटले, ती वाट बंद झाली, आणि वखारीत लाकडाचे ढीग साचले. त्या वेळी संस्थानचे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे होते. त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात घेतले होते, आणि मुंबई इलाख्यात नोकरीही केली होती. बेंगळुरूत जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था होती. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी चंदनतेलाच्या ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले, आणि १९१६ साली बेंगळुरूत तेलाचा कारखाना निघाला. पाठोपाठ १९१७ साली म्हैसूर येथे मोठा कारखाना उभा राहिला. तेल मिळू लागल्यावर त्याचा साबण करावा असे ठरले. त्यासाठी एस. जी. शास्त्री या तरुण रसायनज्ञाला विलायतेत पाठविण्यात आले, आणि १९१८ पासून बेंगळुरूत तो लंबगोल, सुवासिक साबण तयार होऊ लागला. त्याच्या वेष्टनावर सिंहाचे शरीर आणि हत्तीचे मस्तक असलेला शरभ आहे. कबन पार्कजवळचा हा कारखाना १९५७ साली राजाजीनगर भागात गेला आणि त्यानेच पुढे त्या मेट्रो स्थानकाला आपले नाव दिले.

चंदनाच्या मानाने वाळ्याचा इतिहास अगदी साधा. त्याला राजवृक्षाचा मान कधी मिळाला नाही. कारण तो वृक्षच नव्हे, ते एक गवत आहे. ज्वारी, ऊस, गवती चहा यांच्याच कुळातले. नदीनाल्यांच्या काठी, पाणथळ जागी ते पुरुषभर उंच वाढते. वरच्या पात्याला वास जवळजवळ नाही. सुगंध सारा जमिनीखाली, पिवळसर तपकिरी तंतुमय मुळांत. ही मुळे तीन-चार मीटर खोल सरळ उभी उतरतात आणि माती घट्ट बांधून ठेवतात. म्हणूनच म्हैसूरच्या दक्षिणेस गुंडलुपेटच्या परिसरात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळ्याच्या ओळी लावीत आले आहेत. माती धुपून जाऊ नये म्हणून जगभर जी वाळ्याची कुंपणे लावण्याची शिफारस झाली, तिच्या प्रचारकांनी या गावांतील जुन्या बांधांचा दाखला दिला. तेलासाठी लावलेला वाळा दीड वर्षाच्या आत-बाहेर खणण्याजोगा होतो. मुळे काढून घेतली की त्याच ठोंबाच्या फुटव्यांतून नवी लागवड करता येते. कन्नडमध्ये त्याला लावंच म्हणतात, हिंदीत खस, आणि तमिळात वेट्टिवेर, म्हणजे खणून काढलेले मूळ. हाच तमिळ शब्द फ्रेंचांनी ‘वेतिवेर’ करून उचलला. १९५७ मध्ये कार्व्हेन आणि १९५९ मध्ये गेर्लँ या पॅरिसच्या पेढ्यांनी त्याच नावाने पुरुषांसाठी सुगंध काढले, आणि पाश्चात्त्य जगात वाळा हा पुरुषी, स्वच्छ, उन्हाळी सुगंध म्हणून मान्यता पावला. महाराष्ट्रात मात्र त्याला अशा शिफारसीची गरज कधीच नव्हती. माठात सोडलेली वाळ्याची जुडी, वाळ्याचे सरबत, आणि विदर्भात दारा-खिडक्यांना लावलेल्या पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताट्या, यांवाचून तेथला जुना उन्हाळा पुरा होत नसे.

आता हे दोन्ही सुगंध उन्हाळ्याला का मानवतात याचा विचार करू जाता एक गमतीची गोष्ट हाती लागते. सुगंध म्हणजे हवेत उडून नाकापर्यंत पोहोचणारे रेणू. रेणू जितका लहान आणि हलका, तितका तो लवकर उडतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीन या द्रव्यात कार्बनचे दहा अणू असतात. ते १७६ अंशांस उकळते. १७०९ साली कोलोन शहरात योहान मारिया फारिना याने जे प्रसिद्ध सुगंधी पाणी प्रथम विकावयास काढले आणि ज्यावरून ‘ओ द कोलोन’ हा शब्द रूढ झाला, त्याचा प्राण लिंबूवर्गीय तेलांत आहे. लावताच ते मनाला टवटवी आणते. परंतु अंगाची आणि हवेची उष्णता त्याला टिकू देत नाही. उन्हात तास-दीड तासात ते मावळते. शिवाय त्यात बर्गामॉट या फळाचे नैसर्गिक तेल असेल, तर त्यातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावून त्वचेवर डाग उमटवू शकतात, ही दक्षताही घ्यावी लागते.

चंदन आणि वाळा यांची जात वेगळी. चंदनतेलाचे मुख्य घटक म्हणजे आल्फा आणि बीटा सँटॅलॉल. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अस्सल तेलात पहिल्याचे प्रमाण ४१ ते ५५ टक्के आणि दुसऱ्याचे १६ ते २४ टक्के असावे लागते. वाळ्याच्या तेलात घटकांची गर्दी फार मोठी; त्यांतील एक प्रमुख म्हणजे खुसिमॉल. नवल असे, की सँटॅलॉल आणि खुसिमॉल या दोहोंच्या रेणूत अणूंची संख्या अगदी सारखी आहे: कार्बनचे पंधरा, हायड्रोजनचे चोवीस आणि ऑक्सिजनचा एक. विटा त्याच, पण घरे निराळी. मांडणी बदलली आणि एक दुधासारखा मऊ झाला, दुसरा ओल्या मातीसारखा. रेणू जड असल्यामुळे दोन्ही तेले सावकाश उडतात. सँटॅलॉलचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या घरात आहे. ऊन त्यांना उधळून लावू शकत नाही. ते त्यांना फक्त जागे करते. लिंबाचा ताजेपणा क्षणाचा, तर यांचा ताजेपणा दिवसभराचा. उन्हाळी सुगंध म्हणून त्यांना जो मान मिळाला, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण म्हणून त्यांच्या थंडपणाकडे बोट दाखविले जाते, आणि येथे थोडा विवेक करावयास हवा. पुदिन्यातील मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना प्रत्यक्ष चाळविते; म्हणून पेपरमिंट तोंडात टाकताच गार वाटते. चंदन आणि वाळा यांचे तसे नाही. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाची उटी कपाळाला थंड लागते, ती मुख्यतः तिच्यातील पाण्यामुळे. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते, आणि चंदनाचा बारीक लेप ते पाणी धरून ठेवून हळूहळू सोडतो. पंढरपूरच्या विठ्ठलाला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत जी चंदनउटी होते, तिच्यामागे हाच अनुभव आहे. वाळ्याच्या ताटीचेही रहस्य तेच. कोरड्या वाऱ्याने ताटीवरचे पाणी उडते आणि आत येणारी हवा थंड होते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती साधते. मुंबईच्या दमट हवेत ती फसते. मात्र शतकानुशतके हा गारवा आणि हा गंध एकाच वेळी नाकाशी आल्यामुळे मनाने त्यांची गाठ मारून टाकली आहे. अत्तराचा एक थेंब शरीराचे तापमान कमी करीत नाही. तो गारव्याची आठवण जागी करतो. ही आठवणही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु निवड करताना ती आठवण प्रत्येकाची निराळी असते, हे ध्यानात ठेवावे. ज्याचे बालपण माजघरातल्या माठाशी गेले, त्याला वाळा थंड वाटेल. ज्याचे देवघरात गेले, त्याला चंदन.

मग दोघांत निवड कशी करावयाची? प्रथम त्यांचे स्वभाव पाहावेत. चंदनाला आरंभ नाही आणि शेवट नाही. लावताक्षणी जे असते तेच चार तासांनंतर असते, फक्त हळू. त्यात किंचित गोडवा आहे, सायीसारखा स्निग्धपणा आहे, आणि ते दूरवर पसरत नाही. जवळ येणाऱ्यालाच कळते. वाळा याच्या उलट. त्याचा पहिला झोत काहीसा कडू, हिरवट, मुळे नुकतीच खणून काढल्यासारखा. मग माती, मग सुकलेले गवत, आणि अखेरीस एक कोरडा, लाकडी, स्वच्छ गंध. ज्याला गोड वास नको आणि स्वच्छता हवी, त्याला वाळा मानवतो. घाम येतो तेव्हा चंदनाचा गोडवा कित्येकांच्या अंगावर जरा जड होतो. वाळ्याचा कडवटपणा घामाच्या वासाला अधिक चांगला आवरतो. दमट कोकणपट्टीत हा भेद विशेष जाणवतो. बेंगळुरूच्या कोरड्या दुपारी चंदनही शोभते, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात तर ते आपल्या उत्तम रूपात असते.

स्वभाव वाचून कळला तरी अंगावर पाहिल्यावाचून निर्णय करू नये. दुकानातल्या कागदी पट्टीवर सुगंध नुसता ओळखीचा होतो. त्याचे खरे वागणे त्वचेवर कळते. एका वेळी दोनच सुगंध घ्यावेत. डाव्या मनगटावर चंदन, उजव्यावर वाळा. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. नाहीतर दोन्ही मिसळून परीक्षाच मोडते. मग दुकानातून बाहेर पडावे, उन्हातून थोडे चालावे, आणि दहा मिनिटांनी, तासाने व चार तासांनी हात नाकाशी न्यावा. सतत हुंगत राहिल्यास नाक सरावते आणि सुगंध नाहीसा झाला असा भास होतो; तो भास खरा मानून पुन्हा पुन्हा लावणारा गृहस्थ कचेरीतल्या सोबत्यांना मात्र भारी पडतो. ज्याची त्वचा नाजूक आहे, त्याने कोपराच्या आतल्या बाजूस एक ठिपका लावून दिवसभर वाट पाहावी. आणि वाळ्याचे घट्ट तेल पांढऱ्या सदऱ्यावर डाग पाडते, हेही विसरू नये.

याहून अवघड परीक्षा आहे ती अस्सलपणाची. कनौजची जुनी अत्तरे तांब्याच्या देगेत द्रव्य उकळून, तिची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवून करतात, आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. म्हणजे गुलाब, मोगरा, आणि पावसाच्या मातीचे अत्तरसुद्धा चंदनाच्याच मांडीवर वाढत असे. चंदन महागले तसे त्याच्या जागी पॅराफिनसारखी गंधहीन तेले आली, आणि आज स्वस्त बाटलीवर ‘चंदन’ लिहिलेले असले तरी आत बहुधा कारखान्यात जुळविलेला कृत्रिम रेणू असतो. कृत्रिम म्हणून तो वाईटच असतो असे नाही. जगातील नावाजलेले सुगंधकारही तसे रेणू वापरतात, आणि त्यामुळे काही झाडे वाचतात. फक्त त्याची किंमत आणि नाव प्रामाणिक असावे. वाळ्याबाबतही एक भ्रम आहे. सरबतामुळे खस म्हणजे हिरवा रंग असे समीकरण झाले आहे. पण मूळ तपकिरी, आणि सरबताचा हिरवेपणा बाहेरून घातलेला. उत्तरेकडच्या रूह-खसला मात्र कधीकधी खरोखरच हिरवट छटा असते, ती तांब्याच्या भांड्याची देणगी. उत्तर आणि दक्षिण येथील वाळ्यांत भेदही आहे. उत्तरेकडचे तेल ध्रुवित प्रकाश डावीकडे वळविते, दक्षिणेकडचे उजवीकडे. प्रयोगशाळेत त्यावरून तेलाचे कूळ कळते. घरगुती कसोट्यांनी मात्र खरेखोटे ओळखता येईल या भरवशावर राहू नये. चंदनासाठी सरकारी विक्रीकेंद्र आणि वाळ्यासाठी नाव राखून असलेला जुना अत्तरवाला, हाच साध्या माणसाला त्यातल्या त्यात भरवसा.

आता राहिला तो या निवडीचा खरा भार. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत चंदनाची गणना असुरक्षित जातींत झाली आहे. दक्षिणेच्या जंगलांतून चंदनाची चोरटी तोड किती झाली, हे २००४ मध्ये मारल्या गेलेल्या वीरप्पनच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. बेंगळुरूतल्या कबन पार्कसारख्या सार्वजनिक बागेतूनही रातोरात चंदनाची झाडे नाहीशी झाली आहेत. शेतकऱ्याच्या शेतात उगवलेले चंदन सरकारचे, ही जुनी तरतूद शेतकऱ्याला हे झाड नकोसे करणारी होती. आपल्या मालकीचे नसलेले, पण जबाबदारी मात्र आपल्यावर असलेले झाड कोण वाढवील? कर्नाटकाने २००१ साली कायदा बदलून झाडाची मालकी जमीनमालकाला दिली, तेव्हापासून लागवडीला चालना मिळाली. बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था चंदनाची चांगली रोपे, त्याची सोबतची झाडे आणि रोग यांवर काम करीत आहे. परंतु २००१ नंतर लावलेले रोप आज कुठे वयात येत आहे. चंदनाच्या बाबतीत कोणताही सुधारणेचा निर्णय एका पिढीने घ्यावा आणि फळ दुसऱ्या पिढीने पाहावे, असाच हिशेब असतो.

वाळ्याचे पारडे येथे जड होते, पण तेही निर्दोष नाही. जे मूळ माती धरून ठेवते, तेच तेलासाठी खणावे लागते. उतारावरचा वाळा पावसाळ्याच्या तोंडावर उपटला तर त्याच्यामागोमाग मातीही वाहून जाते. म्हणून बांधावरचा वाळा राखावा आणि सपाट वाळूमय जमिनीवरचा खणावा, हीच शहाणपणाची रीत. एवढे पाळले तर हे पीक गरीब शेतकऱ्याला दीड वर्षात पैसा देते आणि पुन्हा लागते.

या सर्वांचा मेळ घातला तर निवड फारशी कठीण उरत नाही. ज्या गृहस्थाला एकच कुपी घ्यावयाची आहे, जो सकाळी निघून उन्हातान्हात हिंडतो आणि ज्याला रोजच्या वापरासाठी स्वच्छ, टिकाऊ, अंगाशी भांडण न करणारा सुगंध हवा, त्याने वाळा घ्यावा. मुंबई-कोकणातल्या माणसाने तर निःशंक घ्यावा. ज्याला गडद, मातकट वास रुचत नाही, ज्याचा दिवस सावलीत जातो, आणि ज्याला आपला सुगंध खोलीत आपल्या आधी शिरू नये असे वाटते, त्याने चंदन निवडावे. मात्र थोडे, अस्सल, आणि प्रसंगाला. रोज शिंपडावयाचे चंदन स्वस्तात मिळत असेल तर ते चंदन नव्हे, आणि अस्सल असेल तर ते रोज शिंपडावयाचे नव्हे. चंदनाच्या आवडीची रोजची हौस भागविण्यासाठी तो लंबगोल साबण आहे, आणि देवघरातली सहाणही आहे. सहाणेवर एका खोडाचा तुकडा पाण्याच्या थेंबाने सावकाश उगाळला तर कित्येक उन्हाळे पुरतो. तीस वर्षे वाढलेल्या झाडाची ती सर्वांत काटकसरीची आणि म्हणूनच सर्वांत आदराची योजना आहे.